बंद लाइन

९ जानेवारी
आज पुन्हा भांडण! यांना भरवताना घास सांडला, तर म्हणाले, "धड हात आहेत ना तुला?" मीही बोलून गेले — "तुमचेही होते. तुम्हीच घालवलेत!" सासूबाई उठून आत गेल्या.

खोटं काय बोलले? पंधरा वर्षं वीज मंडळात लाइनमन होते हे. अकरा हजार व्होल्टच्या खांबावर चढायचं, आणि लाइन आधी बंद करून घ्यायची नाही! "शटडाऊन मागितलाच नाही, चूक माझीच" — असा इस्पितळात जबाब दिला तो यांनीच. नोकरी गेली. दोन्ही हात कोपरापासून गेले. वर डाफरायचं माझ्यावर.

१६ जानेवारी
शेजारचे वायरमनकाका येऊन गेले. मला म्हणाले, "वायरमनच्या परवान्याची परीक्षा दे. तोवर माझ्याबरोबर कामाला ये. शिकवायला मास्तर घरातच बसलाय." हे भिंतीकडे तोंड करून बसले.

संध्याकाळी आपणहून म्हणाले, "वही घे."

१७ जानेवारी
व्होल्टेज म्हणजे रेटा. त्या रेट्याने तारेतून जे वाहतं तो करंट. वाटेतला अडथळा तो रेझिस्टन्स. रेट्याला अडथळ्याने भागलं की करंट मिळतो.

मी म्हटलं, "म्हणजे टाकीतल्या पाण्यासारखंच की!" केवढ्याने खेकसले! "पाणी दिसतं. ही दिसत नाही. पाणी समजून हात लावशील नि मरशील!"

२ फेब्रुवारी
२३० व्होल्ट, ४६ ओहम. पाच अँपिअर. बरोबर आलं! हे म्हणाले, "पुढचं गणित घे" — म्हणजे शाबासकी.

१९ फेब्रुवारी
विचारलं, ओल्या हाताला एवढं का भ्यायचं? म्हणाले, "रेटा तोच असतो. कातडी भिजली की अडथळा घटतो, मग करंट वाढतो. माणूस मरतो तो करंटने. अँपिअरचा दहावा हिस्सासुद्धा पुरतो."

बोलता बोलता थांबले. डाव्या हाताची बोटं खाजताहेत म्हणे. जी नाहीतच, ती! जिथे ती असती, तिथे उशीवर खाजवलं. हसले — कितीतरी दिवसांनी. मग रडायलाच लागले. सासूबाई दारातून बघत होत्या. आज टोमणा नाही.

११ मार्च
ट्रान्सफॉर्मर. बाहेरच्या अकरा हजाराचे आत चारशे करून देतो. मी सहज विचारलं, "आणि उलटं? आतून चारशे दिले तर?"

म्हणाले, "आज पुरे."

थकले असतील. सकाळपासून तिसरा धडा होता.

४ एप्रिल
लिहू की नको? लिहिते.

काकांबरोबर छापखान्यात गेले होते. जनरेटरला चेंजओव्हर स्विच बसवायचा होता. वर केला की बाहेरची वीज, खाली केला की जनरेटरची. दोन्ही एकदम कधीच नाही. मी म्हटलं, "एवढ्यासाठी हे केवढं धूड!" काका म्हणाले, "हा नसला, आणि मेन न पाडता, म्हणजे बाहेरची वीज न तोडता, कुणी जनरेटर चढवला, तर वीज उलटी ट्रान्सफॉर्मरमध्ये जाते पोरी. चारशेचे अकरा हजार होऊन बाहेर पडतात. आणि बाहेर बंद लाइनवर कुणी काम करत असला, तर... संपलाच."

माझ्या हातातला पाना पडला.

यांचा अपघात झाला तेव्हा मी शीतगृहात कारकून होते. त्या दिवशी साडेदहाला वीज गेली. जनरेटरवाला सुट्टीवर. मालक केबिनमधून ओरडले, "माल सडेल! चढवा कुणीतरी!" सगळे एकमेकांची तोंडं बघत बसले. उठले ती मी. खटका ओढला, मशिन सुरू झालं, मालक "शाब्बास" म्हणाले. मेन आधी पाडायचा असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नाही.

आमचा ट्रान्सफॉर्मर स्वतंत्र होता. पण तो होता त्याच लाइनवर, जिच्या खांबावर हे चढले होते.

सव्वाअकराला फोन आला होता — "तुमच्या मिस्टरांना इस्पितळात नेलंय."

५ एप्रिल
दिवसभर यांच्याकडे बघवलं नाही.

६ एप्रिल
विचारलं, त्या दिवशी शटडाऊन खरंच घेतला नव्हता? हे खाली बघत म्हणाले, शटडाऊन घेतला होता. फोनवर. कागद नव्हता, म्हणून खोटं खपलं. शुद्धीवर आले, जनरेटर चढवल्याचं माझ्याच तोंडून ऐकलं, तेव्हाच ओळखलं होतं, वीज कुठून आली ती. चौकशी शीतगृहापर्यंत, माझ्यापर्यंत येऊ नये म्हणून चूक स्वतःच्या अंगावर घेतली.

मी ओरडलेच — "मग मला हे सगळं शिकवलंत कशाला?"

म्हणाले, "माझ्या तोंडून निघेना गं. म्हटलं, शिकलीस की तुझं तुलाच कळेल."