काकू ओठ वाचतात

२ फेब्रुवारी
एकदाचे पोचलो. बंद पडलेल्या कापडगिरणीचं संग्रहालय होणार आहे आणि आतल्या यंत्रांची नोंद करायचं काम मला मिळालंय. नवरोबा सुट्टी काढून सामान लावायला आलेत, म्हणजे खुर्चीत बसून कपाट कुठे सरकवायचं ते मला सांगतात. घरमालकीण काकू याच गिरणीत मागावर होत्या. कान पार गेलेत, पण समोरच्याचे ओठ वाचतात. नवरोबा पाठ फिरवून पुटपुटले, म्हातारी खाष्ट दिसते. काकूंनी ते आरशातून वाचलं आणि त्यांना बिनसाखरेचा चहा दिला. मी हसून हसून बेजार.

५ फेब्रुवारी
काकूंनी गिरणी दाखवली. किल्ल्या त्यांच्याकडेच असतात. विणाई खातं सगळ्यात मोठं. लोखंडी मागांच्या रांगा, छताला कापसाची जळमटं, आणि अंगणाकडे दुहेरी जाड काचेची एकच, न उघडणारी खिडकी. माग सुरू झाले की कानठळ्या बसायच्या, म्हणून बाया नुसत्या ओठांनी बोलायच्या. सासूच्या चहाड्या, मुकादमाची टिंगल, सगळं त्याच्यासमोर. त्याला ओ की ठो कळायचं नाही. मलाही शिकवा म्हटलं, तर काकू एकदम खुलल्या.

९ फेब्रुवारी
शिकवणी जोरात. आज काकूंनी आवाज न काढता नवरोबांच्या ढेरीवर व्याख्यान दिलं. ते बिचारे शेजारीच पेपर वाचत होते.
गिरणी का बंद पडली विचारलं. आग लागली, विणाई खात्यातल्या बाया गेल्या, एवढंच बोलून त्या भांडी घासायला उठल्या.

१२ फेब्रुवारी
दुपारी अंगणात मापं घेत होते. त्या खिडकीत एक बाई उभी होती. तिच्यामागे आणखी बऱ्याच. दाराला तर बाहेरून कुलूप. सगळ्यांचे ओठ एकदम हलत होते आणि मला एकच शब्द लागला: कडी. काकूंना ओढत आणलं. त्या म्हणाल्या, काचेवर ऊन पडलंय. पण बाया आता माझ्याकडे नाही, काकूंकडे बघत होत्या.

१३ फेब्रुवारी
काकूंनी स्वतःच सांगितलं. बाया पाळी संपायच्या आत सटकतात, म्हणून मुकादमाने दाराला बाहेरून कडी घालायचं काम त्यांना दिलं होतं. आग आतल्या कोपऱ्यात लागली, बाहेर काही दिसेना. बाया काचेवर थापा मारत होत्या. मुकादमाने विचारलं, काय म्हणतात? काकूंनी ओठांवरचं ‘आग’ वाचलं होतं, तरी म्हणाल्या, लवकर सोडा म्हणतात. तो निघून गेला. त्या बाया रोज काकूंची टवाळी करायच्या, म्हणून थोडा वेळ घाबरू देत, असं त्यांना वाटलं. कडी काढेपर्यंत उशीर झाला.
तेव्हापासून त्या बाया मला आत बोलावतात, काकू म्हणाल्या. डोळ्यांत टिपूस नाही. मला किळस आली. हे सगळं नोंदीत लिहिणार, असं मी तोंडावर सांगितलं.

१४ फेब्रुवारी
काम गेलं खड्ड्यात. उद्या नवरोबांबरोबर मीही परत जाते. कारण त्यांना गाडीत सांगेन. काकूंनी माझे हात धरून माफी मागितली. वाईट वाटलं. कॅमेरा तेवढा विणाई खात्यात राहिलाय. सकाळी आणते.

१५ फेब्रुवारी
काकूंनी कुलूप काढून दिलं. मी आत आले आणि मागे —
कडी. बाहेरून.
फोन घरी. दार बडवलं, ओरडले —
माग सुरू झाले. वीज नसताना. सगळे. माझा आवाज मलाच येत नाही.

रांगांमध्ये बाया उभ्या आहेत. प्रत्येक वेळी बघते तेव्हा एक रांग पुढे.

खिडकीबाहेर काकू. ओठांनी म्हणाल्या, त्यांना एक बाई मिळाली, आता मला बोलावणार नाहीत.

नवरोबा आले. मला बघून हात हलवला. त्यांना माग ऐकूच येत नाहीत. मी काच बडवते, कडी काढा म्हणते, कडी — ते काकूंना विचारतायत. काकू माझ्या तोंडाकडे नीट बघून त्यांना सांगतायत. मला वाचता येतं. सगळं वाचता येतं. ती म्हणते, दोन दिवसांचं काम राहिलंय. तुम्ही पुढे व्हा.

ते हसले. मान डोलावली. काचेजवळ येऊन सावकाश बोलले, मला कळावं म्हणून. पोचलो की फोन करतो.

निघाले. गाडीत बसण्याआधी वळून बघतातच. नेहमी बघतात. पानभर मोठ्या अक्षरांत लिहून काचेला लावते —
मानेवर कोणाचा तरी श्वास —

कडी का