धवळ्यांखाली गेलेली गाणी

पनवेल, डिसेंबर १९९९

मिथ्या,

तू बोटीबरोबर बुडालास, तेव्हा हे पत्र पेटीत टाकायचा प्रश्नच नाही.

तुझ्या घरी राहिलेली आपल्या बँडची एकुलती एक कॅसेट काल सीडीवर उतरवायला नेली. तिच्यावर आपलं एकही गाणं नाही. तुझ्या बहिणीच्या, दमयंतीच्या हळदीला बायकांनी गायलेले धवळे आहेत. कुणी पुसू नये म्हणून तू मागचे प्लास्टिकचे तुकडे तोडले होतेस ना? पुन्हा रेकॉर्ड करता यावं म्हणून तिथे चिकटपट्टी लावलेली आहे.

बेलपाड्याला जाऊन काकूंना, तुझ्या आईला, विचारलं.

"निसती धडधड व्हती रं निनाद. मना वाटला, कॅसेट बिघरली."

ती धडधड म्हणजे सुरुवातीची माझी बेस गिटार. तू त्यानंतर गायला लागायचास. तिथवर ऐकायला त्या थांबल्याच नाहीत. हे सगळं जिभेवर आलं होतं, गिळलं.

पुसलेलं कॉम्प्युटरलाही परत आणता येत नाही, असं दुकानदार म्हणाला. धवळे संपल्यावर अगदी टोकाला तुझा आवाज तेवढा उरलाय: "थांबा, चुकलं माझं. पहिल्यापासून घेऊ."

तेवढंच काकूंच्या टेपवर लावलं. त्यांनी टेपला हात लावला.

"माजा पोर," त्या म्हणाल्या. "आता त्याचा गाना लाव."

तुझा बेसवाला,
निनाद