मानेशी मोडलेलं बिट

कोल्हापूर,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं.

प्रिय राजवीर,

‘प्रिय’ लिहून झालं. खोडणार होतो, पण खाडाखोड केलेला कागद मला आवडत नाही, म्हणून राहू दिलं. घराच्या मागच्या पत्र्याखाली बसलोय. समोर व्हाइस आहे, व्हाइसच्या पकडीत ड्रिलचं मानेशी मोडलेलं ते बिट आहे, आणि आत्तापर्यंत मी ते भिंगातून बघत होतो. किती वेळा बघितलं तरी तेच दिसतं. फोन का नाही केलास, असं तू म्हणशील. फोनवर तू मला हसवतोस. चौथीपासून हेच चाललंय. मी भांडायला येतो, तू काहीतरी बोलतोस, मी हसतो आणि भांडण तिथंच संपतं. कागदावर तुला ते जमणार नाही. तेव्हा सगळं वाच, आणि मधेच ठेवून चहाला जाऊ नकोस.

पिराजीदादा पडले त्याला महिना होऊन गेला. शुक्रवार पेठेतल्या त्या जुन्या घराच्या दगडी भिंतीत पाइपचे क्लँप बसवायला ते अमरसिंह कंत्राटदाराच्या कामावर शिडीवर चढले होते. हातात ड्रिल मशीन, मशीनला आपलं नवं बिट. तिसऱ्या भोकाला बिट मानेशी तुटलं, अंगाचा सगळा जोर एकदम पुढे गेला आणि माणूस मशीनसकट खाली फरशीवर आला. उजव्या कोपरात सळई घातली आहे. पंचवीस वर्षं ज्या हातानं भिंती फोडल्या त्या हातानं त्यांना आता भाकरीचा तुकडा मोडता येत नाही. आणि बघ, ते पडेपर्यंत बिट ‘आपलं’ होतं. मी बनवायचं, तू विकायचं, तुझ्या वडिलांच्या गाळ्यात दोघांची भागी, असं तूच सगळ्या उद्यमनगराला सांगत फिरत होतास. ते पडले त्या संध्याकाळपासून बिट ‘धम्मपालचं’ झालं. आता मी एखाद्या दुकानात कानस घ्यायला गेलो तरी मालक विचारतो, काय रे, परत बिटं करतोस काय? आणि गिऱ्हाईक असलं की आवाज मुद्दाम वाढवतो.

ते बिट वाईट नव्हतं. हे मी पुन्हा लिहितो, कारण तू ते एकदाही कुणापुढे म्हणाला नाहीस. बिट वाईट नव्हतं. आपण दोघांनी तीन वर्षं भिंतींना भोकं पाडली आहेत. कोल्हापूरच्या जुन्या भिंतीत बाहेरून काळा दगड आणि आत माती, चुना, खडी भरलेली असते, हे तुला सांगायला नको. दगड फोडून बिट आत गेलं की त्या ओलसर भरावाची बुकणी कणकेसारखी होते. बाजारातल्या बिटाची खाच टोकापासून मानेपर्यंत एकसारखी. बुकणी मागे सरकायला जाते, मागची हलत नाही, पुढची दाबत राहते, खाच गच्च बसते, बिट भिंतीत अडकतं आणि मशीन हाताला हिसका देतं. तुझं मनगट दोनदा पिरगळलंय त्यात. म्हणून आपण काय करायचो? इंचभर गेलं की बिट बाहेर काढायचं, रबरी नळीनं भोकात फुंकायचं, सगळी बुकणी डोळ्यात, परत आत घालायचं. एका भोकाला दहा मिनिटं. तू म्हणायचास, चालायचंच. मला ते चालत नव्हतं. लहानपणी मामा मला वारणानगरला पशुखाद्याच्या कारखान्यात घेऊन गेला होता. तिथं भुसा पुढे ढकलणारा एक लांब स्क्रू होता. भुसा जिथून आत पडायचा तिथं त्याचे वेढे जवळजवळ, आणि पुढे पुढे लांब होत गेलेले. मामानं सांगितलं, माल जसा पुढे जाईल तशी त्याला जागा वाढवून द्यायची, म्हणजे ओला भुसासुद्धा तुंबत नाही. मी बारावी नापास माणूस, आयटीआय अर्धवट सोडलेला. पण ते वेढे माझ्या डोळ्यांसमोरून हलले नाहीत. बिटाचं तेच करायचं, एवढंच माझ्या मनात होतं. टोकाकडे पीळ घट्ट, मानेकडे सैल आणि खाच थोडी रुंद. बुकणी जितकी मागे येईल तितकी मोकळी व्हायला हवी.

सांगणं सोपं आहे. असा बदलता पीळ आपल्या मशीनवर पाडता येत नाही, म्हणून खाचा पाडलेली सळई गॅसवर लाल करून हातानं पीळ द्यायचा, टोकाला कार्बाइडचा तुकडा पितळेनं झाळायचा, मग परत तापवून तेलात बुडवायचं आणि पाणी द्यायचं, म्हणजे लोखंड कडक करायचं. उन्हाळाभर हेच केलं. पाणी नीट बसलं तर बिट चिवट होतं. जास्त बसलं तर मान काचेसारखी होते. मानेवर कानस फिरवून बघायची. कानस धरली तर बिट चांगलं, कानस गुळगुळीत घसरली तर ते बिट भिंतीला लावायचं नाही. वीस बिटं केली, सात घसरली. ती टाकायची नव्हती, परत तापवून नरम करायची होती. बहिणीच्या, अक्षताच्या कपाटातून नेलपॉलिशची बाटली आणून त्या सातही बिटांच्या मानेवर लाल ठिपका दिला. ती ओरडली माझ्यावर, नवी बाटली होती म्हणून. तू समोर होतास. तू म्हणालास, धम्म्या, बिटांचं लग्न लावतोस काय? मी तुला दोनदा सांगितलं, लाल म्हणजे नाही. दोनदा. तू मान हलवलीस.

तीस सप्टेंबरला मी आईला घेऊन नागपूरला गेलो. दरवर्षी दसऱ्याला आम्ही दीक्षाभूमीला जातो, ते तुला लहानपणापासून माहीत आहे. माझ्यामागं खंडेनवमी आली. तुझ्या घरी गाळ्यातली सगळी हत्यारं धुऊन पुसून पाटावर मांडतात, ते मी आजवर कितीदा बघितलंय, प्रसादाचं खोबरंही खाल्लंय. चार तारखेला परत आलो आणि थेट गाळ्यावर आलो. पाटावर नटबोल्टचे पाने, हातोड्या, मशीन, आणि आपली बिटं, प्रत्येकाच्या मानेवर कुंकवाचं बोट. मला बरं वाटलं. काकूंनी माझं बिट देवापुढे मांडलं होतं. काकू म्हणाल्या, “बघ की, पोरानं थिनरनं घासून कसं आरशागत केल्यात!” थिनर हा शब्द मी ऐकला. मी तुला विचारलं, लाल ठिपक्याची कुठंयत? आठवतंय ना तुला? तू काकूंकडे बघितलंस, मग माझ्याकडे, आणि म्हणालास, “ठेवल्यात की बाजूला. लका, एवढी काळजी करशील तर लग्नाआधी केस पिकतील.” आणि मी हसलो. मग म्हणालास, दसऱ्याच्या मुहूर्तावर पहिली विक्री झाली, अमरसिंह कंत्राटदारानं आठ बिटं नेली. मी तुला मिठी मारली, राजवीर. ती मिठी आठवली की आता मला माझीच शिसारी येते.

चार तारखेला तुला माहीत होतं. थिनरनं ठिपके गेलेत, कुठलं चांगलं नि कुठलं काचेचं हे तुला कळत नाही, आणि आठ बिटं कामावर गेलीत, हे सगळं तुला माहीत होतं. पिराजीदादा सात तारखेला पडले. मधे तीन दिवस होते. अमरसिंहला एक फोन करायचा होता, की बिटं परत पाठवा, तपासायची राहिलीत. मला सांगितलं असतंस तर मी सायकलवरनं जाऊन आणली असती, तुला उंबरा ओलांडायला लागला नसता. मुहूर्ताची विक्री परत मागवायला नको, पहिल्याच दिवशी नाव खराब व्हायला नको, एवढ्यासाठी तू गप्प बसलास. ते पडल्यावर मी एका दिवसात उरलेली सात बिटं चार ठिकाणांहून गोळा केली. मोडलेलं धरून आठातली तीन बिटं घसरणारी निघाली. म्हणजे आणखी दोन माणसं पडायची होती. ती सगळी मी ग्राइंडरवर संपवली. हे फक्त ठेवलं. याच्या खाचेच्या तळाशी, तुझा बोळा पोचला नाही तिथं, नखाएवढी लाल रेघ आहे. मी ती तुला गाळ्यात दाखवली. तू भिंगसुद्धा हातात घेतलं नाहीस. म्हणालास, “कुंकू असंल.” कुंकू पाण्यानं जातं. मी पाणी लावून बघितलं होतं. हे मी तेव्हा म्हणालो नाही, कारण काकू आत स्टोव्ह लावत होत्या आणि मला त्यांच्यासमोर तुला खोटं पाडायचं नव्हतं. तुला वाटलं, मी फसलो.

त्यानंतरची टपरीवरची गोष्ट. तू विसरला असशील, मी नाही. अमरसिंह सगळ्यांदेखत म्हणाले, “हत्यार पुजायच्या दिवशी कारागीरच गावात न्हाय म्हटल्यावर हत्यार रुसणारच की!” लोक हसले. त्या एका वाक्यात त्यांनी मी कोण आणि तू कोण हे सगळ्या टपरीला सांगून टाकलं. तू माझ्याशेजारी उभा होतास. पूजेमुळं बिट मोडलं नाही, पूजेच्या नावाखाली कुणी काय पुसलं त्यामुळं मोडलं, हे त्या टपरीवर फक्त दोघांना कळत होतं. त्यातला एक मी, आणि माझ्या तोंडून ते कुणी ऐकलं नसतं. दुसऱ्यानं बशीत चहा ओतला आणि फुंकर मारत बसला. तुझ्या घरी मी वाढलो, तुझ्या आईनं मला वेगळं ताट कधी दिलं नाही, त्याचा मला अभिमान होता. त्या फुंकरीनं तो गेला.

तरी इथपर्यंत मी हे पत्र लिहिणार नव्हतो. वर्षभर बोललो नसतो, मग कदाचित बोललो असतो. पण परवा शुक्रवारी मी धीर करून हातकणंगल्याला पिराजीदादांच्या घरी गेलो. ते शिव्या देतील, म्हणून वाटेतच खाली मान घालायची तयारी केली होती. ते पडवीत बसले होते, हात गळ्यात बांधलेला. मला बघून हसले. म्हणाले, “हात गेला तर जाऊ दे पोरा, पर ते बिट चाललं मातूर लोण्यागत. दोन भोकं आरपार पाडली, एकदाबी भाईर काढाय लागलं न्हाय. बुकणी आपसूक येत हुती.” राजवीर, हे ऐकायला मी तीन वर्षं थांबलो होतो, आणि ऐकलं ते कोपरात सळई घातलेल्या माणसाकडून. मग बाळाबाई वहिनी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “तुझं पैसं पोचलं बाबा. राजवीर सांगत हुता, धम्मपालची चूक झालीया, तोंड दाखवाय लाजतोय, म्हणून माझ्या हातनं पाठवल्यात. मोठं मन हाय तुझं.” मी कप खाली ठेवला. किती पोचले, विचारलं. अडतीस हजार. ऑपरेशनचे सगळे. तू दिलेस, यात वाईट काही नाही, द्यायलाच हवे होते. पण तू ते माझ्या नावानं दिलेस. मी न केलेली चूक तू माझ्या नावानं कबूल करून, वर पैसे भरून, पक्की करून आलास. मला वाटतं, त्या दिवशी घरी येऊन तू नीट झोपलाही असशील, मित्रावर उपकार केला म्हणून. मी तिथं खरं बोलू शकलो नाही. बोललो असतो तर वहिनींना वाटलं असतं, हा आता पैसे दिल्यावर पाय मागे घेतोय. म्हणून हे पत्र. मोडलेलं बिट या पाकिटातच ठेवतोय. येत्या रविवारी तू ते घेऊन हातकणंगल्याला जा, दादांच्या हातात दे, वहिनींना समोर बसव आणि पैसे कुणाचे आणि का, हे तुझ्या तोंडानं सांग. अमरसिंहला, टपरीला सांगू नकोस, मला त्यांचं काही नको. त्या एका घरात माझं नाव जसं होतं तसं करून ये. तू नाही गेलास तरी मी जाणार नाही, कुणाला सांगणारही नाही. पण मग पुढचं बिट मी बनवीन ते तुझ्या गाळ्यात नाही, आणि ते भिंतीला लावायला सगळ्यात आधी पिराजीदादांकडेच नेईन, त्यांनी दाराबाहेर उभं केलं तरी.

काकूंना नमस्कार सांग. त्यांना यातलं काही सांगू नकोस.

तुझा, रविवारपर्यंत तरी,
धम्मपाल

हिशोब, ९ नोव्हेंबर २०२५ अखेर.
सळया, कार्बाइड, गॅस, तेल, सगळा खर्च ११,४०० रुपये. माझा अर्धा वाटा ५,७००, आधी दिले ३,५००. तुझे माझ्याकडे राहिले २,२००. पाकिटात आहेत, मोजून घे.
अमरसिंहनी आठ बिटांचे दिलेले ४,८०० तुझ्याकडे आहेत. परत करायचे.
अक्षताची नेलपॉलिश १२० रुपये. मी दिले.
पिराजीदादांचं ऑपरेशन ३८,०००. दिले. तुझ्या नावावर.
पिराजीदादांची बुडालेली मजुरी, रविवार आणि दिवाळीचे दोन दिवस सोडून आजपर्यंत २६ दिवस, रोजचे ९०० प्रमाणे २३,४००. अजून दिलेली नाही, रोज वाढते आहे. तुझ्या नावावर.