क्लेमेन्ससाहेबांच्या आत्म्यास गार पाणी

दर्ब अल-तूत, बनी सुएफ
१९ ऑगस्ट

आदरणीय सब्रीमामांना शहाताचा सलाम.

दुम्यातच्या हवेत तुमची तब्येत ठीक असेल, लाकडाच्या भुशाचा खोकला उतरला असेल, मामी आणि मुलं मजेत असतील आणि तुमच्या सोनेरी खुर्च्यांना गिऱ्हाईक मिळत असेल अशी आशा करतो. आमचं विचाराल तर आई बरी आहे, पाठ तेवढी दुखते. माझं वजन वाढलं आहे आणि पद त्याहून जास्त. आमच्या गल्लीच्या टोकाला त्या बड्या परदेशी पेय कंपनीचा कारखाना आहे. तिथे मी सहा वर्षं बाटल्यांच्या पेट्या ट्रकात चढवत होतो. गेल्या वर्षी त्यांनी मला ‘सामाजिक बांधिलकी व शाश्वतता अधिकारी’ केलं. (का केलं ते विचारलं नाही. खुर्ची आयती मिळाली, मी तिचे पाय हलवून बघितले नाहीत.)

आता बांधिलकी म्हणजे काय ते सांगतो. कारखान्याने तिसरा पंप बसवला त्या दिवसापासून आमच्या गल्लीचे नळ सकाळी दहाला कोरडे पडतात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही असं कंपनीचं म्हणणं आहे, आणि पगार कंपनी देत असल्याने माझंही तेच म्हणणं आहे (सकाळी आठ ते दुपारी चार). चारनंतर घरी आलो की आई रिकामा हंडा माझ्यासमोर ठेवते. जितकं पाणी घेऊ तितकं समाजाला परत करू, असं कंपनीने साऱ्या जगाला वचन दिलं आहे. परत करायचं ते पाण्याच्याच रूपात, असं मात्र वचनात कुठे लिहिलेलं नाही. त्यामुळे आधी शाळेच्या भिंतीवर हसऱ्या थेंबाचं दोन मजली चित्र काढलं. मग दीडशे रोपं आली. ती लावली, फोटो काढले, आणि घालायला पाणी नसल्याने पुढची जबाबदारी बकऱ्यांनी घेतली. मग बायकांसाठी पाणी वाचवण्याचं शिबिर झालं. ते मीच घेतलं. भांडी घासताना नळ बंद ठेवा, असं मी समजावत होतो, तेव्हा शेजारची मीनाची आई पुढच्या रांगेतून म्हणाली, “शहाता, बाळा, तू उघडून दाखव, मी बंद करते.”

मामा, त्या दिवशी मला खरोखर लाज वाटली. मी अर्ज केला, की गल्लीत पाण्याचा एक कूलर बसवावा, चार नळांचा, थेट कारखान्याच्या पाइपावर. सात महिने गेले, अकरा सह्या झाल्या आणि मंजुरी आली. अट एकच: कूलरवर पितळी पाटी हवी आणि तिच्यावर या सगळ्या योजनेचे जनक, शाश्वतता विभागाचे जागतिक उपाध्यक्ष मिस्टर क्लेमेन्स यांचं नाव आणि फोटो हवा. आता आपल्याकडे रस्त्यावर कूलर कोण बसवतं हे तुम्हाला सांगायला नको. माणूस जातो, घरचे त्याच्या नावाने कूलर लावतात, पाणी पिणारा पाटी वाचून त्याच्यासाठी फातिहाची प्रार्थना म्हणतो आणि पुण्य थेट वर पोहोचतं. जिवंत माणसाच्या नावाचा कूलर मी जन्मात पाहिलेला नाही. हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. सुचलं नाही. त्यात पाटी दिली गाबिरकडे. तो तीस वर्षं फक्त कूलरच्या आणि थडग्यांच्या पाट्या कोरतो. मी त्याला नाव आणि फोटो दिला, बाकीचं त्याच्या हाताने सवयीने कोरलं: ‘मरहूम क्लेमेन्स यांच्या आत्म्यासाठी. पाणी प्या, फातिहा म्हणा.’ आणि खाली, ‘शोकाकुल कंपनी परिवार.’ क्लेमेन्सचं नाव बरोबर आहे ना, एवढं मी दोनदा तपासलं. उरलेला मजकूर इतका ओळखीचा होता की डोळा त्यावर थांबलाच नाही.

कूलर सुरू झाला आणि मामा, काय सांगू, गार पाणी! बायका हंडे घेऊन येत, वर फोटोकडे बघत आणि हळहळत. माणूस तरुण होता, दात किती सरळ होते, बायको काय करत असेल बिचारी. परधर्मीयासाठी फातिहा चालेल का, यावर कहवाखान्यात दोन दिवस वाद झाला. शेवटी कहवाखान्याच्या बय्यूमीकाकांनी निकाल दिला, की ज्याचं पाणी प्यालो त्याच्यासाठी आपण म्हणायची, ती कुठे लावायची ते देव बघेल. मीनाची आई ख्रिस्ती, ती म्हणाली, नाव तर आमच्यातलं आहे, आणि दर रविवारी चर्चमध्ये त्यांच्या नावाने मेणबत्ती लावू लागली. (म्हणजे साहेबांची दोन्हीकडून सोय झाली.) मग एक दिवस बय्यूमीकाका गल्लीतली वीस माणसं घेऊन कारखान्यात सांत्वनाला गेले. आमचे मॅनेजर इंजिनियर हिशमत यांच्याकडे या गल्लीतून आजवर फक्त तक्रारी आल्या होत्या. वीस माणसं डोळे पुसत हात हातात घेताहेत म्हटल्यावर त्यांना ते कृतज्ञतेचे अश्रू वाटले आणि तेही गहिवरले. फोटो निघाले, मुख्य कार्यालयात गेले. तिकडून उत्तर आलं, की कंपनीच्या इतिहासात इतका खोल लोकसहभाग कुठल्याही देशात नोंदलेला नाही आणि मिस्टर क्लेमेन्स स्वतः भेटीला येत आहेत.

साहेब आले. पांढरी गाडी, पेंढ्याची टोपी. उतरले ते थेट कूलरपाशी गेले आणि स्वतःच्या फोटोशेजारी उभे राहून तसेच हसले. एका बाईच्या हातून कळशी सुटली. गल्लीची हळहळ मला आजवर कूलरच्या रिवाजातलीच वाटली होती; पाटीवर काय आहे ते मला त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं, मामा. वाचवलं बय्यूमीकाकांनी. ते पुढे झाले, साहेबांना छातीशी धरलं आणि वळून म्हणाले, “बघता काय! सख्खा भाऊ दिसतो. नाकसुद्धा तेच आहे हो!” मग अख्खी गल्ली रांगेने आली आणि एकेकाने हात हातात घेऊन म्हटलं, गेलेल्याचं उरलेलं आयुष्य तुमच्या वाट्याला येवो. साहेबांनी मला विचारलं, काय म्हणतात? मी सांगितलं, तुम्हाला दीर्घायुष्य चिंतताहेत. (यात एक अक्षर खोटं आहे का? तुम्हीच सांगा.) मग त्यांना बिनसाखरेची कडू कॉफी दिली, मयताच्या घरी देतात ती. साहेबांची सारी हयात साखरेच्या पाण्यात गेली. त्यांनी ती शेवटपर्यंत प्यायली आणि त्यांचे डोळे भरून आले. निघताना म्हणाले, मी दरवर्षी येईन. मी लोकांना सांगितलं, साहेब म्हणतात, एक दिवस आपण सगळेच भेटू. सगळे म्हणाले, आमेन.

इथे थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण कैरोच्या कार्यालयातल्या कुणीतरी साहेबांचा कूलरपाशी काढलेला फोटो मोठा करून पाटी वाचली. तिसऱ्या दिवशी हुकूम आला: सेवेत असलेला अधिकारी मयत असू शकत नाही, सबब कूलर आठ दिवसांत काढावा. ऑगस्ट महिना, मामा. नळाला सकाळी दहानंतर फक्त हवा येते आणि गल्लीत चाळीस घरं आहेत. मला पहिल्यांदाच असं वाटलं, की खुर्ची गेली तरी चालेल पण हा कूलर जाता कामा नये. फिटर आले. पाना काढला, पाटी वाचली, पाना ठेवला. म्हणाले, मेलेल्याचं पुण्य तोडायला आमचा हात धजत नाही. हिशमतसाहेब ओरडले, “अरे मूर्खांनो, तो मेलेला नाही!” तर मोठा फिटर शांतपणे म्हणाला, “मग जिवंत माणसाचं तोडायचं? ते तर अजून वाईट.” आणि दोघे तिथलंच पाणी पिऊन, साहेबांसाठी फातिहा म्हणून निघून गेले.

सातव्या दिवशी क्लेमेन्ससाहेबांचा मला फोन आला. त्यांना सगळं कळलं होतं. आवाज चढलेला नव्हता. त्यांनी फक्त विचारलं, रोज किती लोक माझ्यासाठी प्रार्थना करतात? मी म्हटलं, तीनशे तरी असतील, शुक्रवारी जास्त. मग ते म्हणाले, त्यांच्या ऑफिसात एकाच मजल्यावर दोनशे माणसं बसतात आणि मागे ते तीन आठवडे इस्पितळात होते तेव्हा फक्त एक फुलांचा गुच्छ आला होता, तोही दुसऱ्याच्या नावाचा. कूलर राहू दे, म्हणाले. पण पाटी बदल. कंपनीशी संबंध नसलेल्या कुणाचं तरी नाव घाल आणि त्याच्या जवळच्या नातेवाइकाची लेखी संमती फाइलला लाव.

आता गल्लीत मेलेली माणसं थोडी आहेत का? दुपारपर्यंत अकरा नावं आली. दोन जावा एकाच सासऱ्यासाठी वेगवेगळ्या फोटोंवरून भांडल्या, तीन मडकी फुटली, आणि बय्यूमीकाकांनी जाहीर केलं, की त्यांच्या वडिलांचं नाव लागणार नसेल तर ते कुणाच्याच बापाचं पाणी पिणार नाहीत. शेवटी असं एक नाव मिळालं, की जे गल्लीत सगळ्यांना आठवतं आणि ज्यावर कुणाचा दावा नाही. गेल्या आठवड्यात नवी पाटी लागली. हिशमतसाहेब खूश आहेत, माझी खुर्ची शाबूत आहे आणि चारही नळांना पाणी आहे. हे सगळं तुमच्यासारख्या वडीलधाऱ्यांच्या पुण्याईने झालं. मामींना सलाम, मुलांना आशीर्वाद.

आपला भाचा,
शहाता

ता. क. १: पुण्याईने झालं हे वर लिहिलं, ते शब्दशः घ्यावं. तुम्ही अकरा वर्षांत या गल्लीत फिरकला नाहीत, त्यामुळे तुम्ही गेल्याच्या बातमीवर सगळ्यांचा लगेच विश्वास बसला. कुणी हरकत घेतली नाही, उलट तुम्ही लहानपणी तुतीच्या झाडावरून पडला होता ते सांगून बरेच जण रडले. गाबिरला फोटो हवा आहे. शक्यतो जरा गंभीर चेहऱ्याचा पाठवा. येत्या ईदला यायचा विचार असेल तर मागच्या गल्लीने यावं आणि कुणी विचारलंच तर भाऊ आहे म्हणावं, इथे आता त्याची सवय आहे.

ता. क. २: संमतीपत्रावर सही आईने केली. मी तिला खरं सांगितलं होतं. ती म्हणाली, आण इकडे, जिवंतपणी त्याने या गल्लीसाठी दुसरं केलंय काय.

ता. क. ३: पत्र लिहायचं खरं कारण हे, की आता कूलरची रांग पुढे सरकत नाही. आई रोज दुपारी हंडा लावते आणि हंडा भरून वाहू लागला तरी पाटीसमोर उभी राहून तुमच्याशी बोलते. आमच्या नफीसाचं लग्न ठरलं ते तिने तुम्हाला सांगितलं, पाठीला कुठलं तेल लावते ते सांगितलं, आणि त्या घराच्या वाटणीच्या दिवशी तुम्ही न जेवता उठून गेलात, ताटात तुमच्या आवडीची मुलुखियाची भाजी तशीच राहिली, हे तर तिने दोनदा सांगितलं. मागे तीस माणसं उन्हात उभी असतात. दुःखातल्या बाईला बोलायचं कसं, म्हणून कुणी काही म्हणत नाही. मामा, तिला फोन करा. लोकांना पाणी भरायचं असतं.