खंडेनवमीचा नारळ

परंडा,
ता. १७ नोव्हेंबर

चि. शिवराज यास बापाचे आशीर्वाद.

इकडं सगळं खुशाल हाय असं आधी लिहायची रीत हाय, म्हणून लिहिलं. किती खुशाल हाय ते पुढं कळंलच.

पत्र बघून दचकू नको, कुणी गेलं-बिलं न्हाय. पत्ता तुझ्या खोलीतल्या उत्कर्षकडनं घेतला. चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात लाइनमन होतो, आख्ख्या तालुक्याचे फोन म्या जोडले, अन् पोटच्या पोराला पत्र लिहायची पाळी आली. पण तू फोन उचलत न्हाईस. उचलला असतास तरी हे मला तोंडानं जमलं नसतं. फोनवर दुसऱ्या वाक्यालाच माझी गाडी हवापाण्यावर जाते.

तर हवापाणी असं, की थंडी सुटलीय. ज्वारी गुडघ्याला आलीय. म्हैस व्याली, रेडी झाली. तुझ्या वाटणीचा खरवस तुझ्या आईनं दोन दिवस झाकून ठेवला अन् तिसऱ्या दिवशी महांतप्पाला दिला. तोच, बाजारात मिक्सर अन् टीव्ही दुरुस्त करणारा. तो आपल्या घरी कशाला आला होता ते सांगतो, जरा दम धर.

आधी तुझी परीक्षा. तीन डिसेंबरला बंगळूरला, एका बैठकीत आठ तास. तुझ्या आईनं कॅलेंडरवर त्या तारखेला कुंकवाचं बोट लावून ठेवलंय. नेटवर्किंगमधली ही सगळ्यात वरची परीक्षा, मागच्या बारीला तू सातव्या तासाला अडकलास, अन् ह्या बारीसाठी दीड वर्ष झटतोयस, हे मला ठाऊक हाय. तुझ्या खोलीत चौघं राहता अन् सरावाच्या त्या राउटरच्या डब्यांचे पंखे गिरणीवाणी घोंगावतात, म्हणून घरमालकानं ठेवू दिले न्हाईत. तवा तू ते सात डबे इथं धान्याच्या खोलीत लोखंडी मांडणीत आणून रचलेस. म्या रोज सकाळी सहाला बटण दाबायचं अन् तू पुण्यातनं नेटवरनं आत शिरून सराव करायचास. जाताना मला बोट दाखवून म्हणलास, "अण्णा, बटण सोडून कशाला हात लावायचा न्हाय." म्या म्हणलो, मला शिकवतोस व्हय रे? चौतीस वर्षं वायरीत गेली माझी.

खंडेनवमीला तुझी सरावाची आठ तासांची परीक्षा चालू होती. सहाव्या तासाला डबे बंद पडले. तुझा फोन आला. आईनं उचलला अन् म्हणाली, "पूजा करताना माझ्या हातनं पाणी सांडलं रे बाबा." त्यावर तू जे बोललास ते मला बाहेर बाजेवर ऐकू आलं. "तुला काय कळतंय त्यातलं? हात कशाला लावलास? तुझ्या देवधर्मापायी माझी परीक्षा बुडाली." आज सदतीस दिवस झाले, तू तिच्याशी बोलला न्हाईस. दिवाळीला आला न्हाईस. पुण्याच्या गाडीत ड्रायव्हरच्या हाती फराळाचा डबा दिला, तो पोचला का तेबी कळवलं न्हाईस.

आता कसं हाय शिवराज, पाणी लई कारणांनी सांडतं. धान्याच्या खोलीत उंदरं झालेत. शिवाय आपल्याकडची वीज कशी येती तुला म्हाईत हाय, कवा मिणमिण तर कवा बल्ब फोडती. अन् खरं सांगायचं तर त्या दिवशी ते पाणी न्हवतंच. म्हणजे साधं पाणी न्हवतं.

थांब, चहा आला.

तुझी आई ईचारती, कुणाला लिहिताय? म्या म्हणलो, पेन्शनच्या हापिसाला. ती म्हणाली, "पेन्शनच्या हापिसाला लिहिताना डोळं कशाला पुसताय?" ह्या बाईपुढं आजपतोर माझी एक थाप टिकली न्हाय.

तर खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारांची पूजा करायची अन् त्यांना इसावा द्यायचा, ही आपल्या घरची रीत. माझी पक्कड, खांबावर चढायचा पट्टा, जुना टेस्ट फोन, तुझ्या आईची ईळी, कोयता, खुरपं, सगळं धुऊन पाटावर मांडलं. हळदीकुंकू लावलं. अन् मनात आलं, ह्या घरातलं आज सगळ्यात मोठं हत्यार कंचं? मागच्या परीक्षेआधी तुझ्या डब्यांची पूजा न्हाय झाली अन् तू नापास झालास. म्या काय अंधश्रद्धेचा माणूस न्हाय. पण इषाची परीक्षा कशाला घ्यायची?

बंद करावं तर तुझी परीक्षा चालू. म्हणलं चालू हत्याराचीच पूजा करू, देव काय स्विच बघत न्हाय. झेंडूचा हार घातला. पंख्यानं दोन पाकळ्या आत ओढल्या, मला वाटलं प्रसाद मान्य झाला. हळदीकुंकू वाहिलं, तेबी आत गेलं. मग नारळ. खाली दगड मांडला होता, पण दगड मांडणीच्या लई जवळ मांडला. नारळ फोडला अन् पाण्याची चिळकांडी सरळ वरनं तिसऱ्या डब्याच्या जाळीत. फट्ट! मग निळा धूर, मग सगळे दिवे गेले, अन् म्या हातात दोन भकलं घेऊन उभा.

पाणी तुझ्या आईनं सांडलं न्हाय, शिवराज. नारळ म्या फोडला. ती तर तवा चुलीपुढं पुरण वाटत होती.

चौतीस वर्षं मी लोकांना वरडलो, "वायरीजवळ पाणी नेऊ नका." ओल्या हातानं बॉक्स उघडला म्हणून एका हेल्परला म्या भर बाजारात शिव्या घातल्यात. त्या माणसानं नारळ फोडला. तुझा फोन वाजला तवा म्या तो उचलायचा सोडून भकलांसकट बाहेर बाजेवर जाऊन बसलो. तुझ्या आईनं माझ्याकडं बघितलं, हातातल्या भकलांकडं बघितलं, अन् पदराला हात पुसून फोन घेतला.

नंतर म्या तिला म्हणलो, "गजरा, तू आळ कशाला घेतलास?" ती म्हणाली, "पोरगं माझ्यावर चिडलं तर दोन दिवसांत येतंय. तुमच्यावर चिडलं की वरीस काढतंय." 

तिचं चुकीचं न्हाय. तू पक्की नोकरी सोडून ह्या अभ्यासाला लागलास तवा म्या म्हणलो होतो, "वायरी जोडायला परीक्षा कशाला लागती?" त्यावर तू अकरा महिने माझ्याशी बोलला न्हाईस. फोन आला की, "आई हाय का?" अन् मी हाय म्हणून तिला द्यायचो. घरात मी टेलिफोन एक्सचेंज झालो होतो. तिला ते पुन्हा नको होतं. फकस्त ह्या बारीला तिचे दोन दिवस संपेनात. पहिल्या हप्त्यात ती म्हणायची, "अभ्यासात असंल." दिवाळीपास्नं तेबी म्हणत न्हाय. खोबरं किसायला घेतलं की तेवढं माझ्याकडं बघती.

आता महांतप्पा. दिवाळी झाल्यावर त्याला बोलावलं. त्यानं तिसरा डबा उघडला अन् अर्धा तास हसला. म्हणतो, "बब्रुवानअण्णा, ह्यात हळद हाय, कुंकू हाय, फुलं हायत. फकस्त नवरी आणायची राहिलीय." त्यानं वीजपुरवठ्याचा भाग काढून धुतला, वाळवला, जळलेले दोन तुकडे बदलले. दोन दिवसांनी डबा सुरू झाला. खरवस तवा त्याला मिळाला.

पण घाबरून म्या सगळ्या वायरी उपटून ठेवल्या होत्या. सव्वीस वायरी! कंची कुठं, काय कळंना. तवा तुझी निळी वही उघडली. माफ कर, पण उघडली. त्यात तू सगळं चित्र काढून ठेवलंयस, म्हणून लागलं. एक वायर उंदरानं खाल्ली होती, ती नवी करायला घेतली. सोलून बघतो तर आत निळा, नारंगी, हिरवा, तपकिरी! आरं, हे तर माझेच रंग! जमिनीखालच्या केबलमधी उभी हयात हेच रंग जोडले म्या. आमच्यात पाचवा राखाडी होता, तुमच्यात दिसत न्हाय. त्याचं काय झालं ते भेटल्यावर सांग. मला त्या दिवशी लई बरं वाटलं. तू काहीतरी परकं शिकतोयस असं मला उगाच वाटत होतं.

मग वही पुढं वाचत गेलो. सगळं कळलं असं म्हणणार न्हाय, रुपयात दोन आणे कळलं असंल. पण ज्या कामाला म्या "वायरी जोडणं" म्हणलो, ते तसं न्हाय. एक वाट तुटली तर निरोपानं दुसरी वाट कशी काढायची, ते सगळं तू आधीच त्या डब्यांना शिकवून ठेवतोस. माझी वाट तुटली की मला पावसात खांबावर चढावं लागायचं. माझं बोलणं चुकलं होतं. हे लिहायला मला दोन वर्षं लागली.

एका पानावर तू लिहिलंयस, शेजारचा राउटर दर दहा सेकंदाला 'हॅलो' म्हणतो, अन् चाळीस सेकंद हॅलो आला न्हाय तर तो मेला असं बाकीचे समजतात. म्या हे तुझ्या आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "चाळीसच? लई घाईची जात दिसती."

आता डबे रोज सकाळी सहाला चालू होतात. बटण तुझी आई दाबती, मला त्या खोलीत जायला बंदी हाय. चहाची बशी घेऊन ती पोत्यावर बसती. तू आत शिरलास की सगळ्यात खालच्या डब्याचा कोपऱ्यातला दिवा लुकलुकतो, हे तिनं मागंच हेरून ठेवलंय. आता तो लुकलुकत न्हाय, नुसता जळतोय. आठ वाजता ती बंद करती अन् भाकरी करायला उठती.

उत्कर्ष म्हणाला तू दुसरीकडं ऑनलाइन सराव करतोस पण हातात खरा डबा असल्यावाणी होत न्हाय. मग ये की. पंधरा दिवस राहिलेत. अन् आत शिरायच्या आधी आईला फोन कर. तिला काय म्हणायचं ते तुझं तू बघ, मी त्यात पडणार न्हाय. पण ती तुझ्यासाठी खोटं बोलली न्हाय, माझ्यासाठी बोलली, अन् शिव्या मात्र तुझ्या खाल्ल्या.

हे पत्र तिला वाचून दाखवलं न्हाय. पण ती दारात उभी हाय अन् म्हणती, "नारळाचं लिहिलं का?" म्या म्हणलो, लिहिलं. ती म्हणाली, "मग आता जेवा."

माझ्यावर खुशाल चीड, शिवराज. तुझा हक्क हाय. पण आईवर चिडतोस तसं दोनच दिवस चीड. अकरा महिने आता मला झेपायचे न्हाईत.

दोन दिवसांची मुदत मागणारा,
तुझा बाप
बब्रुवान