स्लॅबवरचं धान आणि वरून आलेला माणूस

बा, मी कोण ते आधीच सांगून टाकते, कारण तुला आठवणार नाही. जितेपणीच तू मला अड्याळच्या बाजारात विसरून घरी आला होतास. जाळ्याचं सूत आणलंस, मिरच्या आणल्यास, तंबाखू तर आणलीसच, आणि माय दारात उभी राहून विचारते, "पोरगी कुठं हाय?" तेव्हा तू मागे वळून पाहिलंस, जणू मी तुझ्या सावलीत बसले असेन. तर तीच ही पोरगी, मधली. आता पणजी झाले. दात गेले, जीभ आहे. तू मला शाळेत घातलं नाहीस म्हणून बोलते मी आणि लिहिते नात. ती माझं बोलणं शाळेच्या मराठीत बसवते. मी डोळे वटारले की एखादं वाक्य जसंच्या तसं ठेवते.

वैनगंगा फुगली की गाव तुझ्या दारात यायचं. एरवी तुझ्या अंगाला मासोळीचा वास येतो म्हणून लांबून जाणारेही तेव्हा "दादा, दादा" करायचे. तू नावेत मागे वल्हं धरून बसायचास आणि पुढे माय उभी, हातात बांबू, पाण्याचा ठाव घेत ओरडते आहे, "डाव्या अंगाले! अजून डाव्या अंगाले! थांब!" घरात तू तिचं एक ऐकलं नाहीस. कालवणात मीठ कमी आहे म्हटलं तरी भांडायचास. पण डोंग्यात ती सांगेल तिकडेच तोंड. एकदा मी मधे बसले होते, आठ-नऊ वर्षांची, आणि समोरून झाडाचं खोड वाहत येताना दिसलं म्हणून हात बाहेर काढून किंचाळले. तू वल्ह्याच्या दांड्यानेच पाठीवर एक दिलीस. "डोंग्यात बसली का हात आत आन् तोंड बंद. दोन कारभारी झाले का डोंगा बुडते." खोड मला आधी दिसलं होतं, हे तू शेवटपर्यंत कबूल केलं नाहीस.

दोन पावसाळ्यांमागे नदी पुन्हा तशीच आली. सकाळी अंगणात होती, भात शिजेपर्यंत उंबऱ्यावर. पुरुष ढोरं घेऊन टेकाडावर गेलेले आणि परतायची वाट पाण्याखाली. आम्ही तिघी स्लॅबवर चढलो, सून, नातसून आणि मी. नातसुनेला नववा महिना. धानाची पोती दोरीने वर ओढली, पण खालून भिजली होती. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं तसं मी ते सगळं धान स्लॅबभर पसरलं. सून म्हणते, "माय, जीव वाचवाचा का धान?" मी म्हटलं, "जीव वाचला तं खाशीन काय?"

दुपार व्हायच्या आत नातसुनेने माझा हात धरला. कळा सुरू झाल्या होत्या. बा, तुला हेही ठाऊक नाही, तू गेल्यावर मी सुईण झाले. या हातांनी अर्ध्या गावाला जगात आणलं आहे. मी तिच्या पोटावर हात ठेवला आणि मला कळलं की लेकरू आडवं आहे. आडव्या लेकराला दवाखानाच लागतो. दवाखाना पवनीत, आणि मधे ही नदी. सरकारी बोटी पलीकडच्या वस्तीतून निघाल्या होत्या, पण आमच्या बोळातल्या धारेला लागून दोनदा मागे फिरल्या. पोरगी विचारते, "आजी, बरोबर हाय न सारं?" मी म्हटलं, "मस्त हाय. अजून लय टाइम हाय. तू श्वास घे."

तेवढ्यात हेलिकॉप्टर आलं. आता आमच्याकडे हेलिकॉप्टर म्हणजे काय, ते तुला सांगायला हवं. ते मतं मागायला येतं, नाही तर पूर पाहायला येतं. आत साहेब बसलेले असतात, काचेतून पाहतात, मान हलवतात आणि जेवायला नागपूरला जातात. हे घिरट्या घालायला लागलं आणि त्याच्या वाऱ्याने माझं धान उडायला लागलं. वर्षभराचा भात बोळातल्या पाण्यात चालला होता. माझं डोकं सणकलं. मी उठले, दोन्ही हात वर केले आणि शेतावरची पाखरं हाकलतो तशी ओरडायला लागले, "हाऽ हाऽ हुर्र! जा न रे मुडद्या! पाहाले येता, उचलाले नाई!" पदर सुटला तरी हात खाली नाहीत. आणि गंमत अशी की मी जितकी हाकलते तितकं ते खाली येतं.

इथे नातीने लिहायचं थांबवलं आहे. "आजी, तू तं त्याइले बोलावलं होतं न? सारं गाव तसंच सांगते." मी म्हटलं, "गावाले काय सांगाचं ते गावाले. बाले खरं लिही."

मग वरून एक माणूस उतरला. तारेला लटकून, डोक्यावर लोखंडासारखी टोपी, धाग्यावरच्या कोळ्यासारखा सरळ खाली. पाय टेकले ते माझ्या धानात. मी काही बोलणार, तर त्याने आधी पोरीकडे पाहिलं, गुडघ्यावर बसला आणि मला विचारलं, "माँजी, बच्चा कैसा है?" मी हाताने आडवं करून दाखवलं. त्याला कळलं. बा, तिथेच माझा राग गेला. त्याने कानाजवळच्या यंत्रात दोन शब्द टाकले आणि वरून पाळण्यासारखं स्ट्रेचर सुटलं. त्यात तिला पट्ट्यांनी बांधताना हात इतके हळू, जसं अंडं फडक्यात गुंडाळतो आहे. पोरगी रडत म्हणते, "आजीबिगर मी जात नाई." तो म्हणाला, "दादी भी आएगी. पेशंट पहले." सून धीराची. म्हणाली, "जा माय, मी धान पाहतो." धान होतं कुठे पाहायला! सुनेला नंतरच्या फेरीत नेलं.

जेवलास का, म्हणून मी त्याच्यापुढे मुरमुऱ्यांची परात धरली. वाऱ्याने पहिल्या घासातच परात साफ केली. तो हसला, "बाद में, माँजी." मग माझ्या काखेखालून पट्टा घातला आणि बजावलं, "हाथ नीचे. कुछ भी हो, हाथ ऊपर नहीं." हात वर गेले की पट्ट्यातून माणूस खाली सटकतो म्हणे. आणि मला पदर डोक्यावर घ्यायचा होता! पाय सुटले, खाली गाव ताटाएवढं झालं. आयुष्यभर डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नाही, तो त्या दिवशी वैनगंगेवर झेंड्यासारखा फडफडला आणि मला, खरं सांगू, फार मजा आली. भीती नंतर आठवली, तोवर मी आत होते.

आत काय पाहिलं असेल? दारात एक माणूस पालथा पडलेला, मान बाहेर, तारेकडे नजर, आणि सारखा बोलतो आहे, "बाएँ, बाएँ, थोड़ा और, बस, रोको." चालवणाऱ्याला खालचं दिसतच नाही. हा बोलतो तसं ते अख्खं यंत्र सरकतं. चालवत होती एक पोरगी, माझ्या नातीएवढी. तिच्या खांद्यावर थोपटून "बाई, सांभाळून" म्हणावं असं फार वाटलं. पण मी हात मांडीखाली दाबून बसले. पवनीच्या शाळेच्या पटांगणात उतरलो, तिथून गाडी, तिथून दवाखाना. संध्याकाळी डॉक्टरीण बाहेर आली आणि म्हणाली, "दोघी बऱ्या आहेत." दोघी म्हणाली, तेव्हाच मला कळलं की पोरगी झाली. मी व्हरांड्यात नाचले, बा. नर्स म्हणाली, "आजी, पडाल." मी म्हटलं, "आत्ता आभाळातून आली बाई, जमिनीवर काय पडीन?"

यंदा पावसाआधी तीच मंडळी गावात सराव दाखवायला आली. मला पुढे खुर्चीत बसवलं. चालवणारी पोरगी सगळ्यांना शिकवते आहे, "दोन्ही हात वर म्हणजे मदत हवी. एक वर, एक खाली म्हणजे नको. बायका-माणसं सगळी एकाच हाताने टाटा करतात, मग आम्हाला कळत नाही कुणाला गरज आहे. त्या दिवशी अख्ख्या गावात बरोबर खूण फक्त या आजींनी केली, म्हणून आम्ही आधी त्यांच्याकडे आलो. आणि हो, छतावर धान, चादरी काही पसरू नका." टाळ्या पडल्या. शाल, नारळ. सून माझ्याकडे पाहते, मी नारळाकडे. मांडीवर पणती, तीही टाळ्या पिटते.

शाल मी परत करणार नाही. पण तुझ्यापाशी एक गोष्ट ठेवते, कारण तू विसरशील, तेवढा भरवसा आहे. लोक म्हणतात, आजी होती म्हणून पोरगी वाचली, आजीच्या हाताला गुण आहे. त्या दिवशी माझ्या हातांना काही येत नव्हतं. लेकरू फिरवायला गेले असते तर दोघींना घालवून बसले असते, आणि ते कळूनही मी पोरीला "मस्त हाय" म्हणत होते. धानाचा राग खरा होता, पण तेवढा नव्हता. हात थरथर कापायला लागले होते आणि ते तिला दिसू नयेत म्हणून मी ते वर केले.

नात विचारते, पत्ता काय टाकू? काही टाकू नको. घडी कर आणि माझ्या उशाखाली ठेव. पाकिटाचं तिकीट वाचलं. पण उद्या मुलगा नागपूरला जाणार आहे, तर त्या हेलिकॉप्टरवाल्यांसाठी शिंगाडे पाठव, आपल्या तलावातले, कोवळे नाही, भरलेले. मीठ टाकून उकड, साल काढू नको, ज्याची त्याने काढावी. आणि सोबत हिरव्या मिरचीचा ठेचा, त्या चालवणाऱ्या पोरीचा वेगळ्या डब्यात.