अक्काला नाव हवंय

धारवाड, ४ जानेवारी १९९७

ती. सौ. अक्कास शिवलीलाचा सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. तुझी शेंगाचटणी ऑफिसात पोचताच फस्त झाली.

तुमच्या गावात क्षयाबद्दल विचारायला आले, पण सासवा दारातच ठाण मांडून बसायच्या आणि सुना म्हणायच्या, आमच्याकडे सगळं छान! शेवटी प्रश्नांचे कागद पिशवीत कोंबले आणि तुमच्यात जुन्या लुगड्यांची कौदी शिवायला बसले. सासवा कंटाळून उठल्या आणि एकीने तोंड उघडलं. खोकल्यातून रक्त पडतं, ती ते राखेत पुरते. घरी कळलं तर माहेरी धाडतील, मुलं इथेच ठेवून घेतील. औषधाने ती खडखडीत बरी होईल गं.

माझे वाकडे टाके उसवू नकोस. लोभ असतोच, तो वाढव.

शिवलीला

हिरेकोप्प, ११ जानेवारी

चि. शिवलीलास अनेक आशीर्वाद.

कोण ती? माझ्याच रोट्ट्या खाल्ल्यास आणि माझ्यापासूनच लपवतेस? माझा मल्लू घरोघर खेळतो. अत्ते सासूच्या तोऱ्यात म्हणतात, तुझी बहीण आमच्या सुना फितवते. नाव कळव म्हणावं, नाहीतर पुन्हा उंबरा चढायचा नाही. मी कुणाला सांगणार नाही. लवकर लिही.

तुझी अक्का

धारवाड, १७ जानेवारी

ती. सौ. अक्कास सा. न.

नाव सांगणार नाही. बोलणं टेप करायच्या आधीच मी तिला तसा शब्द दिलाय. मल्लूला सरकारी दवाखान्यात दाखव, तपासणी फुकट असते. तुझी काळजी खोटी नाही. पण ती बाई माझ्या भरवशावर बोलली. उंबरा बंद झाला तर जत्रेत लांबूनच तुला बघेन. लिहिताना रडू येतंय. रागाव, पण तोडू नकोस.

शिवलीला

हिरेकोप्प, २३ जानेवारी

चि. शिवलीलास आशीर्वाद.

तू नाही म्हणालीस, हे अत्तेंना सांगितलं. त्यांनी तुझा उद्धार केला. मला मात्र हायसं वाटलं. तू नाव लिहिलं असतंस, तर मी जन्मभर तोंड उघडलं नसतं.

दिवाळीपासून संध्याकाळी ताप चढतो. पदर तोंडात कोंबून खोकते. परवा रक्त दिसलं. मल्लूला जवळ घेत नाही, तो रडतो. मला फार भीती वाटते गं.

मंगळवारी अत्ते सिंधनूरच्या बाजाराला जातात. तेव्हा ये. टेप आणू नकोस. बहीण म्हणून रडत बसू नकोस. त्या बाईसमोर बसलीस तशी बस, आणि आधी मला तो शब्द दे.

वाट पाहणारी,
अक्का